झाकलेली पट्टी : सी-६० च्या ट्रिप्लेटवरच्या प्रकल्प नोंदी

२२ जुलै २०२४, सोमवार

विषय ठरला. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षासाठी मॅडमनी तीन विषय समोर ठेवले होते, मी फुलरीन घेतला, म्हणजे सी-६०, साठ कार्बनांचा चेंडूसारखा पोकळ रेणू. प्रश्न असा: सी-६० ला हिरवा उजेड दिला आणि तो ट्रिप्लेट अवस्थेत (जास्त ऊर्जेची, दोन इलेक्ट्रॉनांचे स्पिन एकाच दिशेला असलेली अवस्था) गेला, की पुढे तो ऑक्सिजनला ऊर्जा देतो की शेजारच्या अमाइनकडून (इलेक्ट्रॉन देऊ शकणारा नायट्रोजनयुक्त पदार्थ) इलेक्ट्रॉन ओढून घेतो? आणि द्रावक बदलला तर निवड बदलते का?

आमच्याकडे लेझर नाही. १९० ते ११०० नॅनोमीटरचा साधा डबल-बीम स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे, म्हणजे कुठल्या तरंगलांबीचा उजेड किती शोषला जातो ते मोजणारं यंत्र. मॅडम म्हणाल्या, "अगं, त्याच्यावर जे दिसेल तेच आपलं. जे वाचून माहीत आहे त्याच्यापुढे 'वाचलं' असं लिहायचं." म्हणून या वहीत जिथे 'वाचलं' आहे, ते दुसऱ्यांच्या कष्टाचं आहे.

२४ जुलै, बुधवार

५ मिलिग्रॅम सी-६० तोलायला पाऊण तास गेला. काळी, चकाकणारी बारीक भुकटी. स्थिर विजेमुळे चमच्यावरून उडून व्हायलच्या काठाला चिकटते, पेपरवर पडत नाही. शेवटी रिकामी व्हायल तोलली, भुकटी आत टाकली आणि पुन्हा तोलली.

२५ मिली टोल्युइन घातलं. आधी काहीच झालं नाही, तळाशी काळे कण नुसते फिरत राहिले. सोनिकेटरमध्ये दहा मिनिटं ठेवल्यावर कणांच्या भोवती रंग सुटायला लागला. जांभळं खाऊन झाल्यावर जिभेला येतो तो रंग, पण पारदर्शक. काळ्या भुकटीतून असा रंग निघेल असं वाटलं नव्हतं. व्हायल खिडकीसमोर धरून मी बराच वेळ नुसती बघत बसले.

मूळ द्रावण: २.८ × १०⁻⁴ मोलर. स्पेक्ट्रमसाठी वीसपट पातळ केलं. ३३५ नॅनोमीटरला उंच शिखर, शोषणाचा आकडा (ॲब्सॉर्बन्स) ०.७७. पातळ न केलेल्या द्रावणात ४०७ ला एक छोटा अणकुचीदार दात, आणि ४५० ते ६५० च्या मध्ये रुंद, बुटका उंचवटा. ५४० ला जेमतेम ०.२६. म्हणजे दृश्य उजेड हा रेणू फार कमी शोषतो. हिरवा-पिवळा भाग थोडा खातो, लाल आणि निळा सोडून देतो, म्हणून आपल्याला जांभळा दिसतो.

हा उंचवटा बुटका का, तर रेणू फार सममित आहे म्हणून. ६० कार्बन, १२ पंचकोन, २० षटकोन, ९० बंध, आणि सगळे कार्बन एकसारखे. इतक्या सममितीत सर्वांत खालच्या उत्तेजित अवस्थेकडे जाणारी वाट नियमाने बंद असते. कंपनांमुळे ती किंचित उघडते, तेवढंच शोषण.

२७ जुलै, शनिवार

दिवसभर वाचन. महत्त्वाचं तेवढं लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

हिरवा फोटॉन शोषला की रेणू उत्तेजित सिंगलेट अवस्थेत जातो. वर गेलेल्या इलेक्ट्रॉनाचा स्पिन खाली राहिलेल्या जोडीदाराच्या उलटच असतो. या अवस्थेची ऊर्जा सुमारे २ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, आयुष्य सुमारे १.२ नॅनोसेकंद (वाचलं). खाली उतरण्याची वाटही तशीच बंद, म्हणून प्रकाश टाकून उतरणं जवळजवळ होतच नाही. दहा हजार रेणूंमागे दोन-चार चमकत असतील. बाकीचे जवळपास सगळे स्पिन बदलून ट्रिप्लेट अवस्थेत सरकतात. दोन्ही स्पिन एका दिशेला, ऊर्जा सुमारे १.५७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. शंभर रेणू वर गेले तर पंच्याण्णवच्या वर ट्रिप्लेट होतात. एवढा पक्का ट्रिप्लेट देणारे रेणू थोडे आहेत.

सपाट रेणूत स्पिन उलटायला अवघड जातं. सी-६० ची कवटी गोल आहे, त्यामुळे पाय आणि सिग्मा ऑर्बिटल एकमेकांत मिसळतात. शिवाय दोन अवस्थांमधलं अंतर फक्त ०.४ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास. आणि सिंगलेट तिथे एक नॅनोसेकंदाहून जास्त अडकून पडतो, त्यामुळे स्पिन बदलायला वेळ मिळतो. तिन्ही कारणं एकत्र येतात.

ट्रिप्लेटला खाली यायचं तर पुन्हा स्पिन उलटायला हवा. म्हणून हवा काढून टाकलेल्या द्रावणात तो कित्येक मायक्रोसेकंद टिकतो. हवा असेल तर तीनशे नॅनोसेकंदांच्या आसपास संपतो, कारण ऑक्सिजन त्याची ऊर्जा घेऊन जातो. ऑक्सिजनची जमिनीवरची अवस्था स्वतःच ट्रिप्लेट आहे, त्यामुळे देवाणघेवाण स्पिनच्या हिशोबात बसते. ऊर्जा घेतल्यावर तो सिंगलेट ऑक्सिजन होतो, ०.९८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट वर. १.५७ देणाऱ्याकडे पुरेसं आहे.

हे सगळं सापडलं किती उशिरा! कोळशाची काजळी माणसाने किती हजार वर्षं पाहिली, पण सी-६० ओळखला गेला १९८५ साली, ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात, क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांच्याकडून. तेही मास स्पेक्ट्रोमीटरवरच्या एका शिखरातून. हाताने तोलता येईल एवढा माल १९९० ला आला, क्रेटश्मर आणि हफमन यांनी ग्रॅफाइटच्या कांड्यांमध्ये विजेचा आर्क पेटवून काजळी केली आणि बेंझीनने ती धुतली तेव्हा. त्यानंतर वर्षभरात ट्रिप्लेटचे आकडे मोजून झाले. परवा मी जो जांभळा रंग बघत बसले होते, तो जगात कुणी पाहिला त्याला पस्तीस वर्षंही झाली नाहीत.

३० जुलै, मंगळवार

उजेडाचा डबा तयार. स्टीलच्या मोठ्या डब्याला आतून ॲल्युमिनियम फॉइल, ५२५ नॅनोमीटरचा हिरवा एलईडी, मागे कॉम्प्युटरचा जुना पंखा. पंखा नसेल तर दहा मिनिटांत क्युव्हेट (द्रावण ठेवायची छोटी चौकोनी नळी) कोमट होते. क्युव्हेट दरवेळी त्याच जागी बसावी म्हणून लाकडी खाच केली.

२ ऑगस्ट, शुक्रवार

पहिली धाव. सिंगलेट ऑक्सिजन आमच्या यंत्राला थेट दिसत नाही. त्याची चमक १२७० नॅनोमीटरला असते, आमचं यंत्र ११०० ला थांबतं. म्हणून सापळा लावायचा: डीपीबीएफ (डायफिनाइलआयसोबेंझोफ्युरान), पिवळा पदार्थ, ४१५ च्या आसपास शोषतो. सिंगलेट ऑक्सिजन लागला की त्याचं रंगहीन डायबेंझॉइलबेंझीन होतं. पिवळा किती उडाला त्यावरून किती ऑक्सिजन पेटला ते कळतं. हिरवा उजेड डीपीबीएफ शोषत नाही, फक्त सी-६० शोषतो. मांडणी सुंदर आहे.

सुरुवातीला १.०२. तीस सेकंदांनी ०.७८, साठ सेकंदांनी ०.५९, दीड मिनिटाला ०.४५. लॉग घेतला तर रेघ सरळ. संध्याकाळी मॅडमना आलेख दाखवला. त्यांनी तो नीट पाहिला आणि विचारलं, "सी-६० शिवायची धाव कुठाय?"

५ ऑगस्ट, सोमवार

सी-६० शिवायची धाव घेतली. पिवळा तरीही उडाला. हळू, पण उडाला. दीड मिनिटात १.०० वरून ०.८३.

म्हणजे शुक्रवारच्या सरळ रेघेत सी-६० चा वाटा किती आणि दुसऱ्या कशाचा किती, हे मला सांगता येत नाही. दुपारभर शोधत होते. स्टोअरचे काका आत आले, बाकावरची व्हायल उचलून म्हणाले, "बेन, आ शीशी खुल्ली रही गई हती." बरोबर होतं, व्हायल उघडीच राहिली होती. फॉइल एका बाजूने सुटलेली, आणि बाक खिडकीला लागून.

६ ऑगस्ट, मंगळवार

रात्री जेवताना आजोबांना सांगितलं. आजोबांनी तीस वर्षं गिरणीच्या रंगखात्यात काढली. त्यांचे वडील कलाभवनात रंगकाम शिकलेले. सयाजीराव महाराजांनी १८९० साली इथे वडोदऱ्यात काढलेलं कलाभवन, पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर स्वतः रंगरसायनातले. आमच्या घरात रंग उडण्यावर बोलायला कधी कमी पडत नाही.

आजोबा म्हणाले, "तुझा पिवळा उडाला, पण कशानं उडाला हे कशावरून ठरवलंस?"

"उजेडाने, आजोबा."

"कुठल्या उजेडानं? आम्ही काय करायचो, पट्टी घ्यायची, अर्धी पुठ्ठ्यात झाकायची, अर्धी उन्हात. संध्याकाळी पुठ्ठा काढला की मधे रेघ दिसली पाहिजे. रेघ दिसली नाही, तर एक तर रंग पक्का, नाहीतर झाकण कच्चं. तुझं झाकण कच्चं आहे बघ."

मग त्यांनी निळ्या लोकरीच्या नमुन्यांची गोष्ट सांगितली. आठ निळे नमुने, १ नंबरचा सगळ्यांत लवकर उडणारा, ८ नंबरचा सगळ्यांत टिकाऊ. नवीन रंग तपासायचा तर तो या आठांच्या शेजारी उन्हात ठेवायचा, आणि कितव्या निळ्याच्या बरोबरीने उडतो ते पाहायचं. वेळ मोजायची नाही, कारण वडोदऱ्याचं ऊन रोज एकसारखं नसतं. मी हे त्याच रात्री वहीत लिहून ठेवलं.

८ ऑगस्ट, गुरुवार

डीपीबीएफ निळ्या-जांभळ्या उजेडात स्वतःच वर जातो, स्वतःच ऑक्सिजन पेटवतो आणि स्वतःच त्यात संपतो. त्यामुळे ट्यूबलाइटसुद्धा नको. आता खोलीत फक्त लाल बल्ब. डीपीबीएफ रोज नवा बनवायचा, तपकिरी व्हायलमध्ये, वर दुहेरी फॉइल. एलईडीसमोर पिवळी गाळणी लावली, कारण एलईडीच्या निळ्या बाजूची शेपटी ४८० च्या खाली जात होती.

आता प्रत्येक दिवशी चार क्युव्हेट: सी-६० आणि उजेड, सी-६० आणि अंधार, नुसता डीपीबीएफ आणि उजेड, नुसता डीपीबीएफ आणि अंधार. पहिली सोडून तिन्ही दीड मिनिटात ०.०१ च्या आत हलल्या. रेघ दिसली.

१२ ऑगस्ट, सोमवार

नायट्रोजनची धाव. सेप्टममधून (क्युव्हेटचं रबरी बूच) लांब सुई तळापर्यंत, वीस मिनिटं नायट्रोजन. पहिल्यांदा केलं तेव्हा सुरुवातीचा ॲब्सॉर्बन्स १.०० च्या जागी १.१४ आला. सकाळभर डोकं चाललं नाही, मग क्युव्हेटमधली पातळी पाहिली. टोल्युइन उडून गेलं होतं, द्रावण दाट झालं होतं. आता नायट्रोजन आधी नुसत्या टोल्युइनच्या बाटलीतून बुडबुडत नेते, तिथे तो वाफेने भरतो, मग माझ्या क्युव्हेटमध्ये येतो. पातळी तशीच राहते.

नायट्रोजनमध्ये उडण्याचा वेग आठव्या हिश्श्यावर आला. शून्य झाला नाही. सेप्टम शंभर टक्के घट्ट नसतो, आणि इथे अगदी थोडा ऑक्सिजनही पुरतो.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

इलेक्ट्रॉनचा भाग सुरू. यासाठीच मी हा विषय घेतला होता.

१९९२ साली सारीचिफ्त्ची, स्मिलोविट्झ, हीगर आणि वुडल यांनी दाखवलं की विद्युतवाहक पॉलिमरवर उजेड पाडला की इलेक्ट्रॉन शेजारच्या सी-६० वर जातो, आणि तो इतक्या लवकर जातो की पॉलिमरला चमकायलाही वेळ मिळत नाही. पुढे मोजमाप ४५ फेम्टोसेकंदांपर्यंत उतरलं. प्लास्टिकच्या सौर घटांची वाट तिथून सुरू झाली. तिथे उत्तेजित होतो पॉलिमर. माझ्या क्युव्हेटमध्ये उलट आहे: उत्तेजित होणार सी-६० चा ट्रिप्लेट, आणि देणारा अमाइन शांत बसलेला.

सी-६० इलेक्ट्रॉन घ्यायला इतका तयार का? त्याची सर्वांत खालची रिकामी पातळी तिहेरी आहे, एकाच ऊर्जेची तीन ऑर्बिटल. त्यात सहा इलेक्ट्रॉन मावतात, आणि इलेक्ट्रोड लावून खरोखरच एक-एक करून सहा इलेक्ट्रॉन घालून दाखवले आहेत. शिवाय आलेला इलेक्ट्रॉन साठ कार्बनांवर पसरतो, त्यामुळे रेणूला आपला आकार फारसा बदलावा लागत नाही. मार्कसच्या सिद्धांतात याला पुनर्रचना-ऊर्जा म्हणतात. सी-६० ची ती फार कमी, म्हणून इलेक्ट्रॉन येतो पटकन आणि परत जातो सावकाश. एखाद्या यंत्रणेत उजेडाचं विजेत रूपांतर करायचं असेल तर नेमकं हेच हवं असतं.

माझा हिशोब. देणारा: डायमिथाइलॲनिलीन, पुढे डीएमए लिहीन. त्याचा इलेक्ट्रॉन काढायला ०.८१ व्होल्ट (एससीई, म्हणजे कॅलोमेलच्या संदर्भ-इलेक्ट्रोडच्या तुलनेत). साधा सी-६० घ्यायला तयार होतो −०.४२ ला. दोन्हींत १.२३ चा खड्डा, अंधारात काही होणार नाही. पण ट्रिप्लेटकडे १.५७ जास्तीचे आहेत. ट्रिप्लेटची घेण्याची ताकद +१.१४ ते +१.१५ च्या घरात. ०.८१ वजा केले तर उतार ०.३३ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, खालच्या दिशेला. इलेक्ट्रॉन जायलाच हवा.

फक्त हा हिशोब बेंझोनायट्राइलसारख्या ध्रुवीय द्रावकातला आहे. त्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक सुमारे २५, तो वेगळ्या झालेल्या धन-ऋण आयनांना सावरून धरतो. टोल्युइनचा २.४. तिथे आयनांना आधारच नाही, उतार सपाट होतो किंवा चढ होतो. तुलना या दोन द्रावकांत करायची.

डीएमए बाटलीतून काढला तर चहासारखा पिवळट. कमी दाबाखाली ऊर्ध्वपातन केलं तेव्हा पाण्यासारखा आला. संध्याकाळपर्यंत पुन्हा किंचित पिवळा. रोज ताजा काढायचा. बेंझोनायट्राइल उघडलं की कडू बदामाचा वास, दोन्ही कामं हूडमध्येच.

२१ ऑगस्ट, बुधवार

आज सरळ पुरावा शोधायचा प्रयत्न केला. इलेक्ट्रॉन घेतलेला सी-६० १०८० नॅनोमीटरच्या आसपास शोषतो, साध्या सी-६० ला तिथे काही नाही. आमचं यंत्र ११०० पर्यंत जातं, त्यामुळे आशा होती. बेंझोनायट्राइल, सी-६०, भरपूर डीएमए, नायट्रोजन, पाच मिनिटं हिरवा उजेड.

१०८० ला नुसती गवताळ रेघ, वर-खाली ०.००४. या टोकाला सिलिकॉनचा डिटेक्टर जवळजवळ आंधळा असतो. ब्लँकची रेघही तशीच होती.

मॅडमनी कागदावर लिहून दाखवलं की डोळस डिटेक्टर असता तरी दिसलं नसतं. डीएमएचा धन आयन आणि सी-६० चा ऋण आयन द्रावणात मोकळे फिरतात, पुन्हा भेटतात, इलेक्ट्रॉन परत जातो. सगळं मिलिसेकंदाच्या आत. मी एलईडी बंद करून क्युव्हेट यंत्रात ठेवेपर्यंत दहा सेकंद जातात. ऋण आयन साठवायचा तर असा दाता हवा की इलेक्ट्रॉन दिल्यावर तो मोडून पडेल आणि परत मागणार नाही. ट्रायइथाइलअमाइनने मोह पडतो, पण तो उजेडात सी-६० ला चिकटून नवेच पदार्थ करतो.

तुर्भ्याच्या भाभा अणु संशोधन केंद्रात सी-६० आणि अमाइनच्या जोड्यांवर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच पिकोसेकंद लेझर टाकून पाहिलं होतं (वाचलं). त्यांना जे दिसलं ते बघायला त्यांच्यासारखं यंत्र लागतं. मला वाट वाकडी करून जावं लागेल.

२६ ते ३१ ऑगस्ट

प्रयोगशाळा बंद. विश्वामित्री धोक्याच्या २५ फुटांवरून वर गेली, मग ३५ च्याही पुढे. दांडिया बाजारात आमच्या घराच्या दोन गल्ल्या पलीकडे कमरेएवढं पाणी. मगरी रस्त्यावर आल्याचे फोन येत होते. तीन दिवस वीज नव्हती. आजोबांची औषधं संपत आली होती, पलीकडच्या वाड्यातल्या काकूंनी त्यांच्या पट्ट्या दिल्या.

४ सप्टेंबर, बुधवार

उघडली. पाणी पहिल्या मजल्यावर आलं नव्हतं, पण फ्रीज बंद पडून सगळं वितळलं होतं. डीपीबीएफचा साठा टाकला, डीएमए टाकला. सी-६० चं मूळ द्रावण अंधारात, बंद; वीसपट पातळ करून ३३५ ला ०.७७. तेवढंच.

९ सप्टेंबर, सोमवार

घरी गणपती आहेत, सकाळची आरती करून उशिरा आले. वाकडी वाट अशी: बेंझोनायट्राइलमध्ये हवा तशीच ठेवायची. ट्रिप्लेटपुढे दोन गिऱ्हाइकं, ऑक्सिजन आणि डीएमए. डीएमएने ट्रिप्लेट घेतला तर ऑक्सिजनला मिळणार नाही, आणि डीपीबीएफ हळू उडेल.

२५ मिलीला ३.२ मायक्रोलीटर डीएमए, म्हणजे १ मिलिमोलर. वेग तिसऱ्या हिश्श्यावर आला. तीनदा केलं, तीनदा तेच.

मी मॅडमना सांगायला धावत गेले. त्या खुर्चीतून उठल्या, फळ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "छान. आता मला सांग, डीएमएनं अडवलं कुणाला? ट्रिप्लेटला, की त्याच्यानंतर तयार झालेल्या सिंगलेट ऑक्सिजनला? अमाइन सिंगलेट ऑक्सिजनलाही शमवतात, म्हणजे परत साध्या अवस्थेत आणतात."

मला ते माहीत होतं. दोन आठवड्यांपूर्वी मीच वाचलं होतं. पण समोरचा आकडा मला हवा तसा आला, आणि मी ते विसरले.

हिशोब करून पाहिला तर भीती खरी ठरते. ट्रिप्लेटचं हवेतलं आयुष्य तीनशे नॅनोसेकंद, पण सिंगलेट ऑक्सिजनचं या द्रावकांत तीस मायक्रोसेकंदांच्या घरात. शंभरपट जास्त वेळ. डीएमएला सिंगलेट ऑक्सिजन गाठायला शंभरपट संधी. हात थोडा हलका असला तरी मोठा वाटा त्याचाच असणार.

१२ सप्टेंबर, गुरुवार

झाकलेली पट्टी कोणती, यावर दोन दिवस गेले. असा ट्रिप्लेट हवा जो ऑक्सिजनला ऊर्जा देतो, पण डीएमएकडून इलेक्ट्रॉन घेऊ शकत नाही. मग डीएमए तिथे फक्त सिंगलेट ऑक्सिजनलाच अडवू शकेल.

टेट्राफिनाइलपॉर्फिरीन, टीपीपी. ट्रिप्लेट ऊर्जा १.४३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऑक्सिजनला पुरेशी. इलेक्ट्रॉन घ्यायला −१.०५ च्या आसपास लागतात, म्हणजे ट्रिप्लेटची ताकद फक्त +०.३८. डीएमए मागतो ०.८१. चढ ०.४ पेक्षा जास्त, इलेक्ट्रॉन जाणार नाही. आणि टीपीपी ५१५ ला शोषतो, माझा हिरवा एलईडी चालेल.

मॅडमना चिठ्ठीवर एवढंच लिहून दिलं. त्यांनी वाचून चिठ्ठी परत दिली आणि स्टोअरकडे मागणीपत्रावर सही केली. आजोबांना रात्री सांगितलं तर त्यांना पॉर्फिरीन नको होतं, पण निळ्या लोकरीचा संबंध लगेच लागला. "म्हणजे त्याच उन्हात दुसरी पट्टी." हो, नेमकं तेच.

१९ सप्टेंबर, गुरुवार

अनंत चतुर्दशी झाली, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सलग काम.

टीपीपीने वेगळाच त्रास दिला. त्याचा सोरेट पट्टा (पॉर्फिरीनचं सर्वांत तीव्र शोषण) ४१९ ला, आणि उंची अफाट. ५१५ ला जेमतेम ०.०५ येईल एवढा पातळ घेतला तरी ४१९ ला १.२. डीपीबीएफच्या शिखरावर तो बरोबर डोक्यावर बसतो. दोन्हींची बेरीज २ च्या वर गेली की यंत्राचा आकडा थरथरतो.

उपाय: शिखरावर वाचायचं नाही. निळ्या बाजूच्या उतारावर, जिथे डीपीबीएफ अजून बराच शोषतो आणि टीपीपी उतरलेला असतो, तिथे वाचायचं. रेफरन्सच्या क्युव्हेटमध्ये नुसतं टीपीपी. आणि सी-६० च्या सगळ्या धावाही त्याच तरंगलांबीवर पुन्हा घ्यायच्या. चार दिवसांचं काम नव्याने. मनापासून केलं.

२६ सप्टेंबर, गुरुवार

बेंझोनायट्राइल. १ मिलिमोलर डीएमए घातल्यावर वेग किती पटीने कमी झाला:

टीपीपी २.१ पट. सी-६० २.९ पट. प्रत्येकी तीन धावा, फरक ०.१ च्या आत.

म्हणजे माझ्या ९ तारखेच्या आनंदातला मोठा वाटा सिंगलेट ऑक्सिजनचाच होता. मॅडम बरोबर होत्या. पण सी-६० मध्ये त्याच्यावर आणखी सुमारे १.४ पट उरतो, आणि तो टीपीपीत नाही. हा उरलेला भाग डीएमएने ट्रिप्लेट असतानाच अडवलेल्या रेणूंचा.

अर्ध्या मिलिमोलरला उरलेला भाग १.२ च्या जवळ, दोन मिलिमोलरला पावणेदोनच्या जवळ. डीएमएच्या प्रमाणात चढतो, सरळ रेघेत. ऑक्सिजनच्या स्पर्धेचे वाचलेले आकडे धरले तर ट्रिप्लेट आणि डीएमए यांच्या भेटीचा वेग-स्थिरांक १०⁹ च्या घरात येतो. भेटले की बहुतेक वेळा काहीतरी घडतंच, या मर्यादेच्या जरा खाली. बेंझोनायट्राइलमध्ये ऑक्सिजन नेमका किती विरघळतो ते मी मोजलेलं नाही, त्यामुळे फक्त घात लिहिला, पुढचा आकडा नाही.

१ ऑक्टोबर, मंगळवार

टोल्युइन. टीपीपी १.५ पट, सी-६० १.६ पट. फरक माझ्या चुकीच्या मर्यादेत. आधार न देणाऱ्या द्रावकात उरलेला भाग उरत नाही.

अहवालाचा मसुदा मॅडमना दिला. मी लिहिलं होतं: "बेंझोनायट्राइलमध्ये डीएमएकडून सी-६० च्या ट्रिप्लेटकडे इलेक्ट्रॉन हस्तांतरण होत असल्याचे सिद्ध झाले." त्यांनी 'सिद्ध झाले' खोडलं. त्याखाली लाल पेनाने: "डीएमए ट्रिप्लेटला शमवतो, आणि हे शमन ध्रुवीय द्रावकातच होते, एवढे दिसले. इलेक्ट्रॉन गेला हे ऊर्जेच्या हिशोबाशी जुळते. ऋण आयन तू पाहिलेला नाहीस." मी वाक्य तसंच उतरवून घेतलं. त्याच्याखाली आणखी एक ओळ माझी जोडली: डीपीबीएफ फक्त सिंगलेट ऑक्सिजनच खातो असं नाही, मूलकांशीही (एकटा इलेक्ट्रॉन असलेल्या रेणूंशी) बोलतो, त्यामुळे दुसरा सापळा लावून पाहायला हवा.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

ऋण आयन पाहायची सोय झाली. बाहेरगावच्या एका प्रयोगशाळेत नॅनोसेकंद लेझरवर दोन दिवस मिळाले आहेत, दिवाळीनंतर. ५३२ नॅनोमीटरची ठिणगी, ७४० ला ट्रिप्लेटचं शोषण उतरताना बघायचं आणि त्याच वेळात १०८० ला ऋण आयन चढताना. उतरण्याचा आणि चढण्याचा वेग एकच निघाला तर लाल पेनाने खोडलेलं वाक्य परत लिहिता येईल.

आज अँप्युल भरल्या. गोठवणं, पंपाने ओढणं, वितळवणं, असं तीनदा, मग काचेची मान ज्योतीवर बंद. बेंझोनायट्राइल उणे तेरा अंशांच्या आसपास गोठतं. द्रव नायट्रोजनमध्ये तर लगेच पांढरं होतं आणि जांभळा रंग आत अडकल्यासारखा दिसतो. पंपाखाली वितळताना पहिल्यांदा भरपूर बुडबुडे आले, दुसऱ्यांदा थोडे, तिसऱ्यांदा नाहीत.

सहा अँप्युल: सी-६० आणि डीएमए बेंझोनायट्राइलमध्ये दोन, टोल्युइनमध्ये दोन, आणि डीएमए नसलेल्या, दोन्ही द्रावकांत एक-एक. शेवटच्या दोन्हींवर लेबल लिहिताना हात आपोआप 'झाकलेली' लिहून गेला, तसंच राहू दिलं. सगळ्या फॉइलमध्ये, थर्मोकोलच्या खोक्यात, स्टोअरच्या काकांच्या कपाटात. किल्ली त्यांच्याकडे. नवरात्र सुरू झालंय, उद्या-परवा सुट्टी, सोमवारी एका अँप्युलचा ३३५ चा आकडा पुन्हा बघायचा आहे.